बागेतल्या नाटकाचे अडुसष्ट दिवस

शनिवार, ३ जानेवारी २०२६ रोजी बडोद्यातल्या एका वस्तीतल्या बागेत आम्ही हौशी मंडळींनी सत्तर मिनिटांचं मराठी नाटक उघड्यावर केलं. पाच पात्रं, १८० प्रेक्षक, प्रवेश विनामूल्य. पहिला अर्ज दिल्यापासून प्रयोगापर्यंत ६८ दिवस गेले. त्यातले निम्म्याहून जास्त दिवस कागदांत गेले, पण प्रयोग तरला तो आवाजाची तयारी आधीपासून केली म्हणून. बागेत नाटक करायचं मनात असलेल्यांनी नेपथ्य, प्रकाश, निमंत्रणं सगळं नंतर बघावं. शेवटच्या रांगेतल्या आजींना वाक्य ऐकू जाईल का, हे आधी ठरवावं.

जागेपासून सुरुवात करतो. बडोद्यात बाग म्हटली की पहिलं नाव कमाटीबागेचं येतं. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये वसवलेली, विश्वामित्रीच्या काठावरची ही बाग आम्हालाही पहिल्यांदा सुचली. पण आत प्राणिसंग्रहालय आहे, लागून विद्यापीठ आहे आणि सयाजी रुग्णालय जवळच. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयं यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. एवढ्या मोठ्या बागेत या कक्षेबाहेरचा कोपरा सापडेलही, पण ध्वनिक्षेपक लावून प्रयोग करायचा तर प्रत्येक कागदावर त्याचा खुलासा देत बसावं लागलं असतं. म्हणून लहान बागा बघितल्या.

तीन बागा पाहिल्या, तिन्ही संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळात. दुपारी जागा बघून उपयोग नाही. दुपारी शांत वाटणाऱ्या एका बागेच्या कुंपणालगत संध्याकाळी रिक्षांचा थांबा भरत होता. पाहण्याची पद्धत सोपी आहे. एकाने नेहमीच्या रंगमंचीय आवाजात वाक्य म्हणायचं, दुसऱ्याने पाच-पाच पावलं मागे जात ते वहीत लिहून घ्यायचं. लिहिलेलं चुकायला लागलं की तिथे थांबून अंतर मोजायचं. आमच्याकडे हे अंतर नऊ मीटरच्या आसपास आलं. त्याचं कारणही सरळ आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनी उतरतो. नटाचा चढा आवाज एक मीटरवर ७० डेसिबल धरला तर आठ मीटरवर ५२ उरतो, आणि संध्याकाळी बागेतला इतर गलबला तेवढाच असतो. सभागृहात भिंती आणि छत आवाज परत देतात, इथे तो आकाशात जातो. तेव्हा हिशोब असा: साठ-सत्तर प्रेक्षक अर्धवर्तुळात जवळ बसवणार असाल तर माइकशिवाय जमेल. त्याच्या पुढे ध्वनिक्षेपक लागतो, आणि ध्वनिक्षेपक आला की परवाना आला.

निवडलेल्या बागेत ईशान्येच्या बाजूला पंपघराची सलग दहा फूट उंच भिंत होती. जागा तिनेच ठरवली. नटाच्या पाठीशी भिंत असली की आवाज थोडा तरी पुढे फेकला जातो. शिवाय हिवाळ्यात आमच्याकडे वारा बहुतेक उत्तर-ईशान्येकडून येतो. रंगमंच ईशान्येला आणि प्रेक्षक नैर्ऋत्येला बसले की वारा आवाज प्रेक्षकांकडेच नेतो. जानेवारीतला सूर्यही नैर्ऋत्येकडे मावळतो, म्हणजे तो प्रेक्षकांच्या पाठीमागे राहतो, डोळ्यांवर येत नाही. नटांना मात्र सूर्यास्तापूर्वीची तालीम डोळे बारीक करून करावी लागते.

तारीख ठरवताना तीन गोष्टी टाळल्या. उतरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगोत्सव, टाळलं, कारण १४ आणि १५ जानेवारीला गच्च्यागच्च्यांवर स्पीकर असतात. फेब्रुवारीचा शेवट टाळला, कारण बोर्डाच्या परीक्षांच्या सुमारास आवाजाचा परवाना मागणं आम्हालाच बरं वाटेना. आणि लग्नसराई टाळली. वरातीच्या बँडसमोर कोणतीही ध्वनियंत्रणा टिकत नाही. डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत, म्हणजे आपल्या धनुर्मासात, गुजराती घरांत कमूरता पाळतात आणि लग्नं होत नाहीत. उघड्यावरच्या नाटकासाठी बडोद्यात हे चार आठवडे सोन्यासारखे आहेत. त्यात ३ जानेवारीला पौष पौर्णिमा होती. ती आम्ही मुद्दाम धरली, प्रयोगानंतर लोकांना अंधारात पायवाट शोधावी लागू नये म्हणून.

दिवाळीनंतर लाभपाचमपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) इथे काही हलत नाही. ती २६ ऑक्टोबरला होती. सोमवारी, २७ तारखेला सकाळी अकरा वाजता बागेच्या जागेसाठी अर्ज दिला. सोबत काय काय जोडलं ते लिहितो, कारण एकेका कागदासाठी फेरी पडते: नोंदणीकृत संस्थेच्या लेटरहेडवरचा अर्ज (आमचं मंडळ नोंदलेलं नाही, म्हणून एका परिचित ट्रस्टला सहआयोजक केलं), ट्रस्टच्या नोंदणीपत्राची प्रत, दोन जबाबदार व्यक्तींची ओळखपत्रं, मापांसह जागेचा नकाशा, वस्तू आणण्यापासून उचलण्यापर्यंतचं वेळापत्रक, अपेक्षित प्रेक्षकसंख्या, हिरवळ आणि झाडांना इजा न करण्याचं हमीपत्र. अर्ज गुजरातीत लिहा. मराठी संहितेचा अर्ध्या पानाचा गुजराती सारांश जोडा. तो आम्ही दुसऱ्या फेरीत दिला, पहिल्या फेरीत दिला असता तर आठवडा वाचला असता. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पुढच्या प्रत्येक चौकशीत तोच क्रमांक विचारतात.

मग वाट पाहणं. ‘आवता अठवाडिये आवजो’ (पुढच्या आठवड्यात या) हे वाक्य तीनदा ऐकलं. दरम्यान एक कोंडीही झाली. एका कचेरीचं म्हणणं, आधी ध्वनिक्षेपकाची परवानगी आणा मग जागा देऊ. दुसऱ्या कचेरीचं म्हणणं, आधी जागेचं पत्र आणा मग ध्वनिक्षेपकाचं बघू. यात दहा दिवस अडकलो आणि खरंच धीर सुटत चालला होता. सुटका झाली ती सशर्त मंजुरीने. ‘ध्वनिक्षेपकाच्या परवान्याच्या अधीन राहून जागा देण्यास हरकत नाही’ अशा एका ओळीचं पत्र मिळू शकतं, पण ते आपणहून, लेखी मागावं लागतं. ते २४ नोव्हेंबरला मिळालं. त्याच्या आधारे पोलिसांकडचा अर्ज पुढे सरकला, त्यांचं पत्र १८ डिसेंबरला आलं आणि अंतिम मंजुरी २४ डिसेंबरला. म्हणजे प्रयोगाला दहा दिवस असताना. निमंत्रणपत्रिका तोवर छापू नका. आम्ही फक्त तारीख राखून ठेवायला सांगितलं होतं.

पोलिसांच्या अर्जात ध्वनिक्षेपकांची संख्या, त्यांची दिशा आणि चालू-बंदची वेळ लिहावी लागली. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरी अट कमी जणांना माहीत असते. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल तेवढाच चालतो. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे आणि रात्री दहापर्यंत दिवसच धरतात. म्हणजे आमची कमाल ७५ नव्हे तर ६५. पहिल्या रांगेत, स्पीकरपासून चार मीटरवर, ८० ठेवले तर सोळा मीटरवरच्या शेवटच्या रांगेत ६८ मिळतात आणि चाळीस मीटरवरच्या कुंपणाशी ६०. आकडे असे मांडून अर्जाला जोडले, त्यानंतर आवाजाबद्दल कोणी प्रश्न विचारला नाही.

आगीबद्दल मात्र विचारलं. राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ ला लागलेल्या आगीनंतर ते योग्यच आहे. आम्ही कापडी छत घातलंच नाही, वेशभूषेच्या जागेपुरत्या कनाती लावल्या, मधोमध चार फुटांची वाट मोकळी ठेवली आणि दोन अग्निशामक नळकांडी मांडली.

हक्कांचा विषयही उरकून घेतो. नाटक आमच्याच मंडळींनी लिहिलेलं, संगीत पेटी-तबल्यावर जागेवर वाजवलेलं, त्यामुळे प्रश्न आला नाही. दुसऱ्याचं नाटक हौशी संस्थेने विनामूल्य प्रेक्षकांसमोर केलं तर कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, पण तिकीट लावलं की ती जाते. सवलत असली तरी लेखकाला कळवून त्यांचं पत्र घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. तिकीट लावायचंच असेल तर माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या नाट्यप्रयोगाच्या प्रवेशाला जीएसटी नाही. आमच्या मंजुरीत मात्र तिकीट न लावण्याची अटच होती.

खर्च असा आला. जागेचं भाडं ३,५०० रुपये. मंडपवाल्याकडून लेव्हल (जोडून रंगमंच करायचे चौथरे), खुर्च्या, सतरंज्या आणि कनाती १४,०००. ध्वनी ९,०००, प्रकाश ८,५००, डिझेलसह जनरेटर ६,५००. पाणी आणि सफाई १,८००, दोन रात्रींचे राखणदार १,६००, झेरॉक्स, नकाशे वगैरे ६००. एकूण ४५,५००. याशिवाय १०,००० अनामत, जी परत मिळते पण तोवर खिशातून घालावी लागते. बावीस जणांनी वर्गणी काढली.

जनरेटर घेताना ‘सायलेंट’ या शब्दावर विसंबू नका. त्याचा अर्थ पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत एवढाच. बत्तीस मीटर दूर ठेवला तर तिथे ४५ उरतात आणि तो विसरता येतो, दहा मीटरवर ठेवला तर प्रत्येक विरामात ऐकू येतो. वारा जिकडे जातो त्या बाजूला, शेवटच्या रांगेमागे ३५ मीटरवर, गाडीच्या फाटकाजवळ तो उभा केला. धूरही उलट दिशेला गेला. आमचा भार तीन किलोवॅट: बारा एलईडी पार (रंगमंचाचे दिवे), मिक्सर, दोन स्पीकर. साठ मीटर केबल ४ चौरस मिलिमीटर तांब्याची मागितली, कारण एवढ्या अंतरावर बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं. पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळली की पुरवठा तोडणारा खटका, बसवायचा आग्रह धरा. गवत, दव आणि वीज एकत्र येतात तिथे ही काटकसर करायची जागा नव्हे.

रविवारी, २८ डिसेंबरला, बरोबर प्रयोगाच्या वेळी, ध्वनिक्षेपकाशिवाय जागेवर तालीम केली. या एका तालमीने सगळं वेळापत्रक बदललं. आम्ही सूर्यास्तानंतर लगेच, सव्वासहाला, पडदा धरला होता. पण भिंतीशेजारच्या वडावर साळुंक्या रात्रीच्या मुक्कामाला येतात. ६ वाजून ५ मिनिटांनी फोनवरच्या आवाजमापकात ६८ दिसत होते, ६ वाजून ३५ मिनिटांनी ५२. (फोनचा आकडा काही डेसिबलने चुकतो, पण तुलनेला पुरतो.) अंधार पडला की पक्षी आपोआप गप्प होतात, त्यांना हाकलायची कल्पनाही कोणी काढू नये. दुसरं म्हणजे बाहेरच्या देवळात सव्वासात वाजता आरती सुरू होते, झांजा-घंटेसह दहा मिनिटं. देवळातल्या महाराजांना जाऊन भेटलो. त्यांनी आवाज कमी करायची तयारी दाखवली, पण आरतीने नाटकासाठी थांबावं हे आम्हालाच पटलं नाही. पहिला अंक ६:४० ते ७:१५, आरतीच्या वेळी बारा मिनिटांचं मध्यंतर, दुसरा अंक ७:२७ ते ८:०२ असं बसवलं. अंक फोडायची जागा बदलावी लागली, दोन पानं पुन्हा लिहिली.

तिसरी गोष्ट त्याच दिवशी कळली. सूर्य गेल्यावर रस्त्याचा आवाज वाढल्यासारखा वाटतो. भास नाही तो. जमिनीलगतची हवा आधी थंड होते आणि वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो, म्हणून लांबचे हॉर्न जवळ येतात. हाच नियम नटांच्या आवाजालाही लागतो, पण मऊ वाक्यं तरीही बुडतात. संहितेत कुजबुज होती ती सगळी बोलण्याच्या आवाजात आणली.

शुक्रवारी, २ तारखेला दुपारी दोनपासून लेव्हल लागायला लागली. आठ बाय चारच्या सहा लेव्हल जोडून सोळा बाय बारा फुटांचा रंगमंच, उंची दीड फूट. त्यावर काथ्याची चटई ताणून ठोकली, कारण दवाने ओला झालेला प्लाय घसरतो. माळीकाकांना आधीच विनंती केली होती की गुरुवारपासून त्या भागाला पाणी देऊ नका. हे सांगितलं नसतं तर खुर्च्यांचे पाय चिखलात रुतले असते. त्यांनीच एक गोष्ट लक्षात आणून दिली, जी आमच्या कोणाच्याही यादीत नव्हती: झाडांत अडकलेला पतंगाचा मांजा. उतरायणाच्या आधीचे पंधरा दिवस तो फांद्यांवरून मानेच्या उंचीवर लोंबतो आणि संधिप्रकाशात दिसत नाही. शनिवारी सकाळी तिघांनी हातमोजे घालून लांब काठीने पायवाटेवरची सगळी झाडं तपासली आणि एक पिशवी भरून दोरा काढला. जानेवारीत बडोद्यात उघड्यावर काही करणाऱ्याने हे काम सोडू नये. पक्ष्यांचेही पाय त्यात अडकतात.

माइकच्या बाबतीत पाच कॉलर माइक परवडत नव्हते. दोन प्रमुख पात्रांना कॉलर माइक आणि रंगमंचाच्या पुढच्या कडेला तीन माइक फोमची टोपी घालून ठेवले. उघड्यावर फोमशिवाय माइक म्हणजे नुसता वाऱ्याचा घरघराट. स्पीकर माइकच्या पुढे राहतील असे दोन्ही कोपऱ्यांत, प्रेक्षकांकडे किंचित खाली झुकवून. कॉलर माइकचे सेल मध्यंतरात बदलायचे, चालू असले तरी. शालीखाली माइक लपवला की लोकर घासून खरखर येते, म्हणून एका पात्राची शाल काढून घेतली.

प्रेक्षकांसाठी दोन दिवस आधी निरोप पाठवला होता: स्वेटर किंवा शाल आणा, पायमोजे घाला, डासांचं मलम घरूनच लावून या, सहा वाजता या. मोजे हा उपदेश वाटतो, पण हिरवळीवर बसल्यावर थंडी पायांतून चढते. पुढे सतरंज्यांवर साठ जण, खाली प्लास्टिकचा कागद अंथरून, नाहीतर दव वर येतं. मागे खुर्च्यांच्या बारा-बाराच्या दहा रांगा. हात असलेल्या वीस खुर्च्या मधल्या वाटेलगत ज्येष्ठांसाठी राखल्या. बागेच्या मुख्य दाराला फिरता आडवा दांडा आहे, त्यातून चाकांची खुर्ची जात नाही. गाडीच्या फाटकाची किल्ली शुक्रवारीच मागून ठेवली होती. स्वच्छतागृहाचीही. ते संध्याकाळी सातला बंद होतं हे कागदावर कुठेच नव्हतं, तिथे जाऊन विचारल्यावर कळलं.

प्रयोग ६ वाजून ४३ मिनिटांनी सुरू झाला. पहिला अंक नीट गेला. दुसऱ्या अंकात, साधारण ७:४० ला, सगळं एकदम अंधारलं. ईएलसीबी पडला होता. केबलचा एक जोड खुर्च्यांच्या रांगेमागे गवतावर टेकला होता आणि दव त्यात शिरलं होतं. पौर्णिमेचा चंद्र वर होता, पण तो होता भिंतीच्या वर, नटांच्या पाठीमागे. त्यामुळे आकृत्या दिसत होत्या, चेहरे नाहीत. नटांनी बोलणं थांबवलं आणि जागा न सोडता उभे राहिले, हे आधीच ठरवलेलं होतं. रंगमंच व्यवस्थापकाने पुढे येऊन मोठ्याने एकच वाक्य सांगितलं, ‘वीज येतेय, कृपया जागेवरच बसा.’ जोड पुसून, कोरड्या टेपने बांधून, विटेवर ठेवून पुरवठा पुन्हा सुरू व्हायला चार मिनिटं लागली. एकही माणूस उठला नाही. जोड सुरुवातीलाच विटांवर ठेवले असते तर हे घडलंच नसतं, चार विटांचं काम होतं.

८ वाजून १० मिनिटांनी ध्वनिक्षेपक बंद केले. शेवटच्या दोन रांगांतल्या लोकांना आम्ही दारात थांबवून मुद्दाम विचारलं, ऐकू आलं का. बहुतेक सगळं आलं, पण पात्रं एकमेकांकडे पूर्ण वळून बोलली तिथली वाक्यं गेली. पुढच्या वेळी उघड्यावर तीन-चतुर्थांश प्रेक्षकांकडे तोंड, हा नियम तालमीच्या पहिल्या दिवसापासून पाळायचा आहे.

रविवारी सकाळी नऊपर्यंत लेव्हल उचलल्या. त्यांच्या जागी हिरवळीवर सहा फिकट पिवळे चौकोन उमटले होते. सोमवारी, ५ जानेवारीच्या पाहणीत त्यावरच बोट ठेवलं गेलं. आमच्याकडे १ तारखेला, लेव्हल लागण्याआधी, काढलेले त्याच कोपऱ्यांचे तारखेसह फोटो होते, आणि खुंट्या न ठोकल्यामुळे एकही खड्डा नव्हता. माळीकाकांनी सांगितलं की मुळं शाबूत आहेत, आठवडाभर पाणी दिलं की रंग येईल. तसं लिहून घेतलं गेलं. आठवडाभर रोज सकाळी आमच्यापैकी एक जण नळी धरायला जात होता. अनामत २३ जानेवारीला बँकेत पूर्ण जमा झाली, आणि त्या दिवशी चौकोन शोधूनही सापडले नाहीत.